घोड्याच्या केसांची तार

त्या हिवाळ्यात मी घरीच असायचे. पोटात असतानाच, पाचव्या महिन्यात आमचं मूल गेलं होतं आणि ऑफिसातून मी रजा घेतली होती. नवरा सकाळची बस पकडून कामावर जायचा. मग मी सोफ्यावर पांघरूण घेऊन पडायचे. अमेरिकेत, रेडमंडला त्या दिवसांत धड उजाडत नाही आणि धड अंधारतही नाही. झोप कुठे संपली आणि जाग कुठे सुरू झाली, मला कळत नसे.

अशाच एका दुपारी भिंतीतून गुणगुण ऐकू आली. आधी वाटलं, शेजारचा ड्रायर चालू आहे. मग त्या गुणगुणीला माणसाचा आवाज फुटला. जाड, थकलेला, एकाच जागी घुटमळणारा. ओळ थोडी पुढे जायची, मध्येच श्वासाएवढी थांबायची, मग उरलेली वाट पुरी करायची. शब्द एकही कळत नव्हता. पोवाडा म्हणणारा कुणी शाहीर झोपेत चालला असावा, असं काहीतरी मला वाटत राहिलं. पुढे रोज दुपारी मी त्या आवाजाची वाट पाहू लागले.

एकदा जिन्यात शेजारीण भेटली. ती सर्बियाची, इथे नर्स होती.

"माझे वडील वाजवतात," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास होतो का?"

"नाही. आज वाजलं नाही, म्हणून चुकल्यासारखं झालं."

ती हसली आणि मला आत घेऊन गेली.

तिचे वडील, आजोबाच म्हणावेत असे, खिडकीपाशी बसले होते. मांडीवर लाकडी वाद्य, पळीला कातडं ताणून बसवावं तसं. वर घोड्याचं कोरलेलं डोकं आणि एकच तार, तीही घोड्याच्या केसांची. याला गुसले म्हणतात, शेजारणीने सांगितलं. तुर्कांच्या राज्यात त्यांच्या गावांत शाळा नव्हत्या, पुस्तकं नव्हती. कोण लढलं, कोण पडलं, हे सगळं याच एका तारेवर गाऊन लोकांनी लक्षात ठेवलं. आंधळे गायक जत्रांमधून हिंडायचे. आजोबांनी हे त्यांच्या चुलत्याकडून ऐकून ऐकून उचललं होतं.

त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. मी रोज जाऊ लागले. चहा घ्यायचा, ऐकायचं आणि परत यायचं. त्यांचे सूर पेटीच्या पट्ट्यांमध्ये बसणारे नव्हते, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी राहणारे होते. तिथे मलाही बरं वाटायचं.

एक दिवस त्यांनी वाद्य खाली न ठेवता माझ्याकडे बोट केलं.

"तुम्ही गा म्हणतायत," शेजारीण म्हणाली.

"मी गाणं शिकलेली नाही."

त्यांनी बोट खाली घेतलं नाही. मी तोंड उघडलं आणि पाळणा आला. प्रत्येक बारशाला आत्या म्हणायची तो. मी तो निवडला नव्हता. त्यांनी तारेवर गज हलकेच टेकवला, माझा सा शोधला आणि तो धरून ठेवला. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज गेला. सूर मात्र त्यांनी सोडला नाही.

मग ते वेगळीच चाल वाजवू लागले आणि वाजवता वाजवता मुलीशी बोलले. ती सावकाश मला सांगत गेली. आजोबांचा धाकटा भाऊ तान्हा असताना गेला. त्यांच्या गावात बायका गेलेल्या माणसाशी गाऊन बोलतात. त्यांची आई आलुबुखाराच्या बागेत काम करताना त्या बाळाशी बोलायची. आज काय पिकलं, कोण आजारी आहे, तू असतास तर केवढा झाला असतास. कितीतरी वर्षं.

"ते गाणं पुरुष म्हणत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून ते नुसतं वाजवतायत."

मग मी त्यांना आमच्या बाळाचं सांगितलं. मी होऊन कुणाला सांगण्याची ती पहिलीच वेळ.

डिसेंबरात त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस आला. आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. उंच मेणबत्ती जळत होती, दारातच प्रत्येकाला शिजवलेल्या गव्हाचा अक्रोड घातलेला गोड घास मिळत होता. मग कुणीतरी अकॉर्डियन काढलं आणि सगळ्यांनी हात धरले. या नाचाला कोलो म्हणतात. ठेका सोपा वाटतो आणि पावलं चुकतात. माझा नवरा आमच्या लग्नातसुद्धा नाचला नव्हता. शेजारणीने त्याला ओढलं, त्याचा दुसरा हात माझ्या हातात आला. रांग सोफ्याला वळसा घालून, स्वयंपाकघरातून, पुन्हा बाहेर अशी वाहत राहिली. आजोबा खुर्चीत बसून गुडघ्यावर ताल धरत होते.

आमच्या दारापाशी आल्यावर नवऱ्याने किल्ली काढली, पण कुलूप उघडलं नाही.

"तू नाव ठरवलं होतंस ना?" त्याने विचारलं. "मी कधी विचारलंच नाही. तुला त्रास होईल असं वाटायचं."

"ठरवलं होतं."

मी त्याला ते सांगितलं. त्याने ते हळूच एकदा म्हणून पाहिलं. भिंतीपलीकडे नाच अजून चालू होता. आम्ही दाराबाहेरच पायरीवर बसलो आणि आमच्या मुलीबद्दल बोलत राहिलो.