पाचवा हेडफोन

ही गोष्ट सांगणं मी इतकी वर्षं टाळलं. घुग्घुसच्या एका दुकानदाराने माझ्या घरच्या रेकॉर्डिंग मशीनला जुळणारा हेडफोन दिला होता. त्यातून मी गायलेली भजनं ऐकली, तर बारीक शिट्टी वाजे. मी तीनदा हेडफोन बदलून घेतला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो. दर वेळी माझ्या तोंडाकडे पाहत तो नवा खोका काढायचा. शेवटी हळूच म्हणाला, "भाऊ, हेडफोन खोटं नाई बोलून राह्यला."

घरी बायको म्हणाली, "शिट्टी तुमची कवळी मारते. जेवतानाबी मारते."

म्हणजे दुकानदारालाही माझ्या बोलण्यातली ती शिट्टी पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. चारचौघांत त्याने माझी लाज राखली.

माफी मागायला गेलो. मला पाहताच त्याने पाचवा खोका पुढे केला. मी तो घेतला आणि माफी न मागताच परत आलो.