चारनंतर या

दिगंबरकाका आमच्या नारायण पेठेतल्या घरी खालच्या मजल्यावर राहतात. दुपारी एक ते चार ते झोपतात. त्या वेळात बेल वाजली की दार उघडत नाहीत, डोळेही न उघडता, आतूनच, नाकातून ओरडतात, "चारनंतर या!" मग दारात कुरिअरवाला असो की सख्खे व्याही. या हाकेची नक्कल मला इतकी छान जमते, की एकदा काकांनीच ती ऐकून "कोण आहे?" विचारलं.

चारनंतर मात्र काका पारदर्शक कारभारावर बोलतात. "सगळं उघड्यावर व्हायला हवं! आम्हाला विचारतो कोण?"

तर विचारलं. गल्लीच्या तोंडाशी असलेला बसथांबा पार चौकापलीकडे हलवणार, अशी नोटीस लागली. त्यासाठी खुली जनसुनावणी. कोणीही यावं, बोलावं. शिवाय मोबाइलवर थेट प्रक्षेपण. वेळ, दुपारी अडीच.

"अडीच?" काकांनी चष्मा काढला. "ही काय माणसांची वेळ आहे? मुद्दाम ठेवलीय!"

"मुद्दाम कसली? त्यांना ऑफिस असतं, अहो," कुसुमकाकू म्हणाल्या. त्यांचे गुडघे गेलेत. धाकटी बहीण मंदाकिनी स्वारगेटला अंथरुणावर. काकू रोज बसने तिचा डबा नेतात. चौक ओलांडणं त्यांना शक्यच नाही. "थांबा हलला, तर मंदाचा डबा तुम्ही न्यायचा. दुपारी एकला."

काका गेले.

मी घरून मोबाइलवर पाहत होते. पाहणारे: एक. ती मीच. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, त्यात काका-काकू, आणि समोर अधिकारी सुहासिनी मॅडम. त्यांचा सूर सगळ्या वाक्यांना एकच. "सदर थांबा स्थलांतरित करणेबाबत... नागरिकांची सोय लक्षात घेता..." वर पंखा गरगरत होता. काकांची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, छातीवर विसावली. घोरणं माईकने इमानेइतबारे माझ्यापर्यंत पोचवलं.

"उपस्थितांची काही हरकत? नाही? मग तसं नोंदवते." मॅडमनी शिपायाला बोलवायला टेबलावरची बेल दाबली.

ट्रिंग!

"चारनंतर या!" काका गरजले. डोळे मिटलेलेच.

मॅडमचं पेन थांबलं. काकू मात्र एक गुडघा दाबत उभ्या राहिल्या. "बरोबर बोलतायत ते. आमच्या झोपेत विचारायचं आणि हरकत नाही म्हणून लिहायचं, ही कुठली रीत? चारनंतर या. आमच्या गल्लीत. आणि माझ्याबरोबर तो चौक ओलांडून दाखवा."

मॅडमना हसू आवरेना. "लिहून घेते," म्हणाल्या.

गुरुवारी सुनावणी थांब्यावरच झाली, सव्वाचारला. सगळी गल्ली चहा पिऊन ताजीतवानी. प्रत्येकाला एक मत होतं, काहींना दोन. मॅडम काकूंना धरून चौकात उतरल्या. अर्ध्यावर रिक्षावाला मॅडमकडे बघत खेकसला, "ओ मावशी, रस्ता विकत घेतला का?" मॅडमनी मावशी कोण म्हणून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

थांबा जागच्या जागी राहिला.

दुसऱ्या दिवशी काका काकूंना बसपर्यंत सोडायला आले. "पाहिलंस? कारभार खुला असून भागत नाही. जागरूक नागरिक लागतो!"

काकूंनी डबा सांभाळत पायरीवर पाय ठेवला. "हो ना. एक वाजला. जा, झोपा."