वच्छलाबाईंचं पीस अँड क्वायट
सौंसरच्या वच्छलाबाईंच्या घरात दिवसभर त्यांच्याच नावाचा पुकारा चाले. नवऱ्याचा चष्मा, मोटारसायकलची चावी, सासूबाईंची गोळी, सगळं त्यांनाच सापडे. त्यात नवरा भैय्याजी संत्र्याचा सौदा फोनचा स्पीकर लावून करत.

एकदा लेक सुचिता परीक्षेसाठी घोकत बसली होती, "पीस अँड क्वायट, पीस अँड क्वायट."

"म्हंजे काय वं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"गोंगाट नाही, कटकट नाही, कोणी त्रास देऊन नाही राहिलं, असा निवांतपणा. आय वाँट सम पीस अँड क्वायट, असं म्हणतात."

वच्छलाबाई हरखल्याच. आयुष्यभर जे हवं होतं, त्याला इंग्रजीत चक्क नाव होतं. मग काय, भाजीवाला, गॅसवाला, जो भेटेल त्याला हे वाक्य. गोठ्यातल्या म्हशीलाही ऐकवलं. ऐकून घेतलं ते फक्त तिनं.

रामाकोन्याला भैय्याजींच्या मित्राच्या मुलीचा साखरपुडा आला. निघताना वच्छलाबाईंचा गुडघा एकाएकी धरला. "तुम्ही जा सगळे," त्या कण्हत म्हणाल्या. गाडी वळणाआड गेली आणि गुडघा बरा झाला.

घर चिडीचूप. त्यांनी चहा प्यायला, तोही गरम. कुणाची हाक नाही. आनंदानं त्यांना नुसत्या गुदगुल्या व्हायला लागल्या. माहेरी, तिगावला, त्या भुलाबाईची गाणी गात. लग्नानंतर दर कडव्याला "आली, आली" म्हणत उठावं लागे, म्हणून गाणंच सुटलं होतं. आज त्यांनी पिठाचा रिकामा डबा मांडीवर घेतला, ठेका धरला आणि घसा मोकळा सोडला. भांडी खणखणायला लागली. त्या उठून नाचायलाही लागल्या.

तेवढ्यात दारात भैय्याजी. नवरीला द्यायची साडी घरीच राहिली होती, बाकीचे गाडीत थांबले होते.

"काय करून राहिली? हेच का तुह्यं पीस अँड क्वायट?"

"हेच," धापा टाकत वच्छलाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाणं मधात तोडा नाही लागलं. आता तुम्ही आले."

साडी कुठे आहे विचारायला भैय्याजींनी तोंड उघडलं, आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कपाट उघडलं. चार घड्या खाली पाडल्या, एक साडी उचलली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

ती वच्छलाबाईंची स्वतःची नवीकोरी साडी होती. भैय्याजींच्या हातून ती जाताना त्यांनी पाहिली. हाक मारायला ओठ उघडले.

मग त्यांनी डबा पुन्हा मांडीवर घेतला आणि गाणं पहिल्यापासून धरलं.