स्मोकरच्या कपाळावरचं कुंकू

पत्नी गेल्यापासून आमच्या घरात मटण शिजलं नव्हतं. आमच्याकडे दुखवटा सासरवाडीच्या माणसांनी काढायचा असतो. ते येतात, टॉवेल-टोपी देतात, मटणाचं जेवण वाढतात आणि आपण पहिला घास घेतला की दुखवटा संपला असं सगळे धरून चालतात. माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गडहिंग्लजहून तीनदा डबा घेऊन आला आणि तीनदा मी काहीतरी कारण काढलं. तो घास घेतला असता तर ती गेल्याचं मीच सही करून दिल्यासारखं झालं असतं. चौथ्या वेळी कारण सुचेना. मग तोंडातून निघून गेलं, "तिला स्मोकर घ्यायचा होता. तो घेऊ, त्यात मटण करू, मग खाईन."

हे अगदीच खोटं नव्हतं. ओळखीच्या एकांच्या शेतघरावर तिनं तो पाहिला होता. झाकणाचं मोठं पिंप, एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला मटण, आणि ते नुसत्या धुराच्या उबेवर पाच-सहा तास शिजायचं. "आपल्याला असला एक घ्यायचा," ती म्हणाली होती. तसं ती घरगुती पिठाच्या गिरणीबद्दलही म्हणाली होती.

"घ्या की मग, दाजी," मेहुणा म्हणाला. "त्यात काय हाय?"

त्यात पुष्कळ होतं आणि मी ते सावकाश वाचलं. उभा स्मोकर, आडवा स्मोकर, विजेवर चालणारा. पत्रा किती जाड, धुराडं किती उंच. एक वही केली. दर रविवारी मेहुण्याचा फोन यायचा.

"ठरलं का?"

"धुराड्याच्या उंचीवर अडलंय."

"दाजी, एवढ्यात मी घर बांधून वास्तुशांत केली असती."

तीन महिन्यांनी तो न सांगता बायकोसह आला आणि मला वहीसकट उद्यमनगरात एका वेल्डरकडे घेऊन गेला. वेल्डरनं माझं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"अंघोळीचा बंब न्हवं का ह्यो? पाणी कुठनं सोडायचं?"

"पाणी नाही. मटण शिजवायचंय. पाच-सहा तास."

त्यानं चित्र माझ्या हातात परत दिलं. "कुकर बिघडलाय काय, पावणं?"

पण काम त्यानं चोख केलं. झाकणाच्या मधोमध तापमान दाखवणारी काट्याची गोल तबकडीही बसवून दिली. लाकडासाठी आम्ही वखारीत गेलो. आंब्याचं, सुकं, दहा किलो, असं मी वहीत पाहून सांगितलं. वखारवाल्यानं आवाज खाली आणला. "घरातलं कोण गेलं?"

"पत्नी," मी सवयीनं म्हणालो.

त्यानं कपाळाला हात लावला. "मग दहा किलोत कसं व्हायचं वो?"

"अवो, मटणाला पायजे!" मेहुणा मधेच ओरडला.

त्यानंतर वखारवाल्यानं आमच्याकडे जसं पाहिलं, त्यानं मला हसू फुटलं. लाकडांच्या ढिगावर बसून मी डोळे पुसेपर्यंत हसलो. मेहुण्यानं गुपचूप लाकडं रिक्षात टाकली.

नवा स्मोकर आधी तयार करावा लागतो. आतून तेल फिरवायचं, रिकामाच तीन तास पेटवायचा, म्हणजे लोखंडाचा वास जातो. आमच्या गच्चीवर मी काडी ओढणार तेवढ्यात मेहुण्याची बायको वर आली.

"नवी वस्तू अशीच पेटवायची? आधी पूजा."

नारळ फुटला, झेंडूचा हार चढला. तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत बोट तिनं झाकणाच्या मधोमध तबकडीच्या काचेवर ओढलं.

"वहिनी, तिथं काटा आहे."

"मला वाटलं कपाळ हाय."

तीन तासांनी तेल आणि कुंकू काचेवर असं भाजून बसलं की काटा दिसेना. मी घासणी घेतली, तर तिनं माझा हात धरला. "कुंकू पुसायचं न्हाय, दाजी." मी घासणी खाली ठेवली.

रविवारी सकाळी मटणाच्या मोठ्या तुकड्याला कांदा-लसूण मसाला आणि मीठ मी स्वतः चोळलं. झाकण उघडायचं नाही, असं वहीत दोनदा अधोरेखित होतं. मेहुणा दर पंधरा मिनिटांनी उघडत होता.

"उघडू नका हो."

"मग शिजलं का कसं कळायचं?"

"काट्यावरून."

"काटा कुठाय?"

आम्ही तिघंही कुंकवाकडे बघत उभे राहिलो. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "रस्सा कधी व्हायचा?" रस्सा होणार नाही, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. वहिनी कधीच खाली जाऊन हाडांचा रस्सा ठेवून आली होती.

तीनच्या सुमारास मटण बाहेर आलं. वरून डांबरासारखं काळं, आतून मऊ. मेहुण्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, ताट पुढं केलं आणि दोघंही कुठंतरी दुसरीकडे बघू लागले. मी वही चाळल्यासारखं केलं. एकही कारण शिल्लक नव्हतं. घास तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

मेहुणा गर्रकन वळला. "काय म्हणालात?"

"मीठ. कमी पडलंय."

"चोळलंय कुणी? तुम्हीच की!" त्याचा आवाज तीन घरं ऐकू गेला असेल, पण डोळे भरले होते. "वर्ष झालं, पुढ्यात येईल ते गप गिळत होता. आळणी वरणालासुद्धा बरं म्हणत होता. अगं ऐकलंस का, दाजी पुन्हा नावं ठेवायला लागले!"

वहिनी पदरानं नाक पुसत मिठाची बरणी घेऊन आली. मी मीठ भुरभुरलं आणि दुसरा तुकडा वाढून घेतला.