बेडकावरचा निळा रंग

जुने कळीचे गल्ले जमवणाऱ्या माणसांची मला किळस येते. मी त्यांच्यातलाच, म्हणून हे हक्काने सांगतो. कळ दाबली की लोखंडी अस्वल किंवा कुत्रा नाणं गिळतो, एवढाच हा परदेशी खेळ. पोरांना बचतीची गोडी लागावी म्हणून केलेला. पनवेलच्या माझ्या फ्लॅटमध्ये असे अकरा गल्ले काचेच्या कपाटात आहेत. पाहुण्यांच्या पोरांना मी त्या कपाटाजवळही फिरकू देत नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरायला करंजाच्या कोळीवाड्यात गेलो होतो. ज्या म्हातारीकडून नेहमी सुकट घेतो, तिच्या ओटीवर मला बारावा दिसला. लोखंडी बेडूक. पाय दाबला की तोंड उघडायचं, डोळे फिरायचे. तिचा सासरा बोटीवर खलाशी होता, त्याने कुठल्याशा बंदरातून आणलेला. नारळी पुनवेला होडी समुद्रात लोटण्याआधी घरातला प्रत्येक जण त्याच्या तोंडात एक नाणं टाकायचा. होडी रंगवली की डब्यात उरलेला रंग बेडकालाही फासायचे. वर्षानुवर्षांचे थर चढले होते आणि सगळ्यात वर होता निळा.

आमच्या जमातीला मूळ रंग हवा असतो. मी नाक मुरडलं. "मावशी, रंग फासून वाटोळं केलंय याचं," म्हणत भाव पाडला. जिच्या हातचं सुकट इतकी वर्षं खाल्लं, तिच्याशीच घासाघीस केली.

"आता दर्याव कोन जातं? ने तू," ती म्हणाली. "पन त्यो निला रंग काडू नको. माज्या पोराची होरी त्याच रंगाची व्हती. पोरगा आला नाय, होरीबी आली नाय."

"शब्द देतो, मावशी. नखसुद्धा लावणार नाही."

पंधरा दिवस शब्द पाळला. मग पुण्याचा एक संग्राहक मित्र फोटो पाहून म्हणाला, खाली मूळ रंग शाबूत असेल तर असा नग आपल्यात कोणाकडेच नाही. झालं, जीव खालीवर व्हायला लागला. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं आणि रंग काढायचं औषध लावलं. निळा फुगला आणि दुधावरच्या सायीसारखा अलगद सुटून आला. तो मी कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकला. खाली लाल, मग हिरवा, आणि शेवटी गंजलेलं लोखंड. मूळ रंग केव्हाच गेलेला होता.

मित्राला सांगितलं तर तो हसला. "नवा रंग दे, थोडा घास, चहाचं पाणी चोळ. कोण बघतंय?" म्हणाला. त्याची मला शिसारी आली. पण शेण त्याने नाही, मी खाल्लं होतं.

श्रावणात म्हातारीच्या नातीचा फोन आला. आजीला पुनवेला बेडकाच्या तोंडात नाणं टाकायचंय, आणू का तिला? मी "या" म्हणालो, आणि कुठे बोंबलायचं ते कळेना. पनवेलमधली तीन रंगाची दुकानं पालथी घातली, तेव्हा तसा निळा मिळाला. दोन हात दिले, काचपेपरने घासले, वर चहाचं पाणी चोळलं. मित्राने सांगितलेलं एकही काम मी सोडलं नाही. हात धुताना स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

पुनवेला ती आली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, नात हाताला धरून आणत होती. बेडूक तिने मांडीवर घेतला. नाणं टाकायचं विसरून कितीतरी वेळ ती त्या निळ्यावरून तळवा फिरवत राहिली. मग वाकून तिने त्याच्यावर गाल टेकला.

"बोल्लास तसा जपलास रं बाबा," ती म्हणाली. "माज्या पोराला हात लावल्यासारका वाटला."

"हो, मावशी," मी म्हटलं.