टोपडेवाल्याचं शेवटचं पान

मुरबाडच्या बाजारात, एसटी स्टँडपासून जरा आत, एक सलून होतं. केस कापायला आम्ही पोरं तिथे क्वचितच बसायचो, पण जायचो मात्र दर आठवड्याला. सलूनवाल्या काकांनी भिंतीला सुतळी बांधली होती आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रकथांची पुस्तकं टांगली होती. बाकावर बसून वाचायची, घरी न्यायची नाहीत, एवढाच नियम. कल्याणच्या रद्दीवाल्याकडून ते ही पुस्तकं किलोवर आणायचे. जवळपास प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान गायब असायचं, कारण दाढी करताना वस्तऱ्यावरचा फेस पुसायला कागद लागतो, आणि वर्तमानपत्र संपलं की काकांचा हात सुतळीकडे जायचा.

"काका, शेवटचं नका ना फाडू," आम्ही कळवळायचो.

"मग काय पयलं फाडू? शेवटी काय व्हतं रे? तोच जिंकतो ना?"

"तो" म्हणजे आमचा टोपडेवाला. त्याचं खरं नाव वेगळं होतं, परदेशी. पुस्तकं हिंदीत भाषांतर केलेली होती. बंदराच्या एका शहरात तो रात्री फिरायचा, उजव्या हातात भाला, आणि डोक्यावरून हनुवटीपर्यंत घट्ट बसलेला निळा मुखवटा, जो आम्हाला तान्ह्या पोराच्या टोपड्यासारखा दिसायचा. म्हणून टोपडेवाला. आमच्यातल्या कुणीही तोवर बंदर पाहिलेलं नव्हतं.

भांडणं कशावरूनही व्हायची. म्हसा गावच्या जत्रेत त्याची प्लास्टिकची बाहुली विकायला आली, तिचं टोपडं लाल होतं आणि पाठीत शिट्टी होती. एकजण म्हणाला, बाहुली कंपनीची आहे, म्हणजे लालच खरं, पुस्तकात शाई चुकली. माझा मित्र उठून उभा राहिला. आम्ही दोघं मुरबाडजवळच्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावरचे. "शाई चुकली तर सगळ्या पुस्तकांत चुकंल का रे, दीडशाण्या? आणि त्याच्या पाठीत शिट्टी हाय का? पुस्तकात दाखव शिट्टी!" खरं काय आणि नक्कल काय, याचा निवाडा त्याच्याकडे असायचा. कुठल्या पुस्तकात कुठल्या चौकटीत काय आहे, हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. मला नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, म्हणून हे आधीच सांगतो.

एका पुस्तकात टोपडेवाला बंदराच्या धक्क्याच्या अगदी कडेला उभा होता, आपल्याकडे पाठ करून. पुढे काळं पाणी. वर एक बोलण्याचा फुगा आणि त्यात फक्त त्याचं नाव. फुग्याची शेपटी चौकटीच्या बाहेर गेलेली. कुणीतरी त्याला हाक मारत होतं. त्यापुढचं पान कुणाच्या तरी दाढीला गेलं होतं.

मित्र त्या पानापायी वेडा झाला. कुणी हाक मारली? वळला का तो? काकांना विचारून झालं. ते म्हणाले, "मी पुसतो, वाचत नाय."

दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर कल्याणला गेलो. परत आल्यावर मित्राला सांगितलं की रद्दीवाल्याकडे ते पुस्तक पूर्ण पाहिलं. मी रद्दीवाल्याच्या गल्लीतही गेलो नव्हतो. एकदा तरी मला माहीत असावं आणि त्याला नसावं, एवढंच मनात होतं.

"मग?" त्याने विचारलं.

पुढचं मी ठरवलंच नव्हतं. तोंडात जे आलं ते आमच्याच गावातलं होतं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगायची की हाकामारी नावाची हडळ ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि ओ देणाऱ्याला ओढून नेते, पण ती हाक दोनदाच मारते. तिसरी हाक तिला येत नाही. म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, वळायचंही नाही.

"तो वळलाच नाय," मी म्हणालो. "दोन हाका झाल्या तरी नाय. तिसरीला वळला. पयल्या दोन पाण्यातनं आल्या व्हत्या."

मित्र हळूच म्हणाला, "तिकडं पण हाय? हाकामारी?"

"तिकडं पण."

म्हाताऱ्यांचं आम्ही कधी मनावर घेतलं नव्हतं. पण टोपडेवाला तसं वागतो म्हटल्यावर आमची सगळी टोळी तसं वागू लागली. पहिल्या हाकेला कुणी ओ देईना. "मेले बहिरे झाले का रे!" म्हणून आया ओरडायच्या. मास्तरांनी हजेरीला मित्राचं नाव दोनदा घेतलं, तो समोर बघत बसला, तिसऱ्यांदा "हजर" म्हणाला आणि पाठोपाठ पाठीत धपाटा खाल्ला. बाकीच्यांनी थोड्या दिवसांत नाद सोडला. त्याने सोडला नाही.

मला पहिली भीती वाटली ती त्यानंतर कधीतरी. तो सहज म्हणाला, "दुसऱ्या हाकेला पाण्यावर बुडबुडे दाखवलेत ना?" बुडबुड्यांचं मी काही सांगितलं नव्हतं. मी "हो" म्हणालो. मग दुसऱ्या एका पोरानेही बुडबुडे पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. आणि एक दिवस काका एका गिऱ्हाइकाची मान पुढे दाबून वस्तरा फिरवता फिरवता बोलले, "ते पान मी फाडायच्या आधी बघितलेलं. सगळं काळं. नुसतं कोपऱ्यात टोपडं, अर्धं वळलेलं."

खोटं बोलताना ते पान माझ्या डोळ्यांपुढे अगदी तसंच आलं होतं. सगळं काळं, कोपऱ्यात अर्धं वळलेलं टोपडं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं दुपारी वीटभट्टीकडून येत होतो. भट्टीच्या खाली उतारावर एक विहीर होती, कठडा नसलेली. तहान लागली होती. मित्र विहिरीच्या काठाशी थांबला आणि मी वर मजुरांच्या झोपडीकडे दोर-बादली आणायला गेलो. वर विटांनी भरलेली एक ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवून ठेवली होती, चाकाला दगड लावून. दगड कसा सरकला, माहीत नाही. इंजिन नसलेली ट्रॉली आवाज करत नाही. मऊ मातीवरून ती उताराला लागली तेव्हा मी झोपडीच्या दारात होतो आणि मित्राची पाठ माझ्याकडे होती.

मी हाक मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली. तो पाण्याकडे बघत उभा. त्याची मान मला अजून दिसते, ताठ, ऐकत असलेली. त्याला ऐकू येत होतं, हे मला तिथूनही कळत होतं. तिसऱ्यांदा मी नुसता किंचाळलो. तो वळला, बाजूला उडी मारली, पण एक पाय मागे राहिला. ट्रॉली कच्च्या विटांच्या थप्पीवर जाऊन आदळली आणि थांबली.

कल्याणच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गावात सगळ्यांनी विचारलं की हाक ऐकून तो लगेच का वळला नाही. त्याने सरळ सांगितलं, तिसऱ्या हाकेची वाट बघत होतो. काहीजण हसले. चित्रांच्या पुस्तकापायी पाय घालवला म्हणाले. त्याच्या तोंडावरही म्हणाले. तो उत्तर द्यायचा, "पुस्तकात हाय तसं. वाचणाऱ्याने वाचलंय." आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचो.

काही वर्षांनी टोपडेवाल्यावर सिनेमा निघाला. हिंदीत डब झालेला. सलूनवाल्या काकांनी तोवर रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेअर घेतला होता. सोमवारी सलून बंद असतं, म्हणून सोमवारी दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी सिनेमा लावला. आम्ही आता मिशा फुटलेले, काही नोकरीला लागलेले, तरी सगळे जमलो. मित्र कुबड्या घेऊन पहिल्या बाकावर. त्याला फक्त एक गोष्ट बघायची होती, आणि ती कुठली हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सलूनच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर आरसे. टीव्ही कोपऱ्यात. ज्यांना जागा मिळाली नाही ते आरशात बघत होते. सुरुवातीलाच वाद पेटला.

"भाला डाव्या हातात दिलाय! वाट लावली!"

"अरे येड्या, तू आरशात बघतोस!"

"आरशात काय, टोपडं पण काळं केलंय. रबराचं. ट्यूब फाडून बनवलंय जसं!"

"त्या जत्रेतल्या बाहुलीचं लाल बरं व्हतं याच्यापेक्षा!"

हसणं चालू होतं. मग पडद्यावर बंदराचा धक्का आला. काळं पाणी, कडेला तो, आपल्याकडे पाठ. दोन्ही आरशांत, एकात एक, मागे मागे लहान होत गेलेले कितीतरी टोपडेवाले पाठमोरे उभे होते. सिनेमात कुणीतरी हाक मारली.

ते सगळे एकदम वळले. पहिल्याच हाकेला.

"आयला! पयल्याच हाकेला ओ दिली!" मागून एकजण ओरडला. "हा आपला नायच!" कुणीतरी हसलं. आणखी एकजण मित्राकडे बघून म्हणाला, "बघ रे, तुझा टोपडेवाला पण तुझ्यापेक्षा शाणा निघाला."

मित्र वळला तो माझ्याकडे. त्याचा चेहरा मला समोर दिसत होता आणि आरशातही. "सिनेमावाल्यांनी बदललं ना?" तो म्हणाला. "तू वाचलंयस. सांग यांना."

त्या वेळी खरं बोललो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हणालो, "बदललंय. पुस्तकात तीन हाका आहेत."

काका म्हणाले, "मी पण बघितलंय. काळं पान." आणि बाकीचे गप्प बसले.

पुढे मला नोकरी लागली आणि मी आटगावला राहू लागलो. लग्न झालं. एका संध्याकाळी कल्याण स्टेशनबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते पुस्तक मला दिसलं, पूर्ण. उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. टोपडेवाला पहिल्याच हाकेला वळतो. मागून एक खलाशी धावत येतो आणि म्हणतो, "साहेब, तुमचा भाला राहिला!" खाली गोळ्या-चॉकलेटची जाहिरात. बस. सिनेमाने जसंच्या तसं घेतलं होतं. नुसता खलाशी गाळला होता.

ते पुस्तक एक अख्खा पावसाळा माझ्या ट्रंकेत होतं. मग एका रविवारी जीपने मुरबाडला गेलो. मित्राने तोवर सीडी भाड्याने द्यायची टपरी टाकली होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी पुस्तक त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते सावकाश, एकेक चौकट बघत, शेवटपर्यंत वाचलं. शेवटी मोठ्याने हसला.

"भाला इसरला? टोपडेवाला? हे कुणी लिवलं रे?"

"तेच खरं पान आहे," मी म्हणालो. "मी कल्याणला काही वाचलं नव्हतं. तिसरी हाक मी बनवली होती."

त्याने एक सीडी उचलली आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. मग विचारलं, "तू त्या दिवशी कुठं उभा व्हतास?"

"झोपडीपाशी. तुझ्या मागे."

"किती हाका मारल्यास?"

"तीन."

"मागून एकच आली," तो म्हणाला. "पयल्या दोन पुढून आल्या. खालून. तुझ्याच आवाजात."

त्याच्या पुढे विहीर होती.

"मी ओ देणार व्हतो. वाकून बघायला पाय उचलला पण व्हता. मग ते पान आठवलं, आणि थांबलो." त्याने सीडी उजेडात धरून पाहिली. "तू म्हणतोस तू बनवलं. बरं. पण हे इथं कुणाला सांगू नकोस. पुस्तकातलं हाय तोवर ठीक हाय. तू बनवलेलं असंल, तर त्या दोन हाका कुणाच्या, ते मला एकट्याला बघाय लागंल."

माझी समजूत घालायला त्याने हे तिथल्या तिथे रचलं असेल, असंही मनात आलं. विचारायचं धाडस झालं नाही. पण त्या दिवसापासून मी ती दुपार आठवून बघतो तेव्हा तिसरी हाक मला घशात जाणवते, ओरडून घसा सोलवटला होता तो. पहिल्या दोन आठवतात, पण फक्त ऐकलेल्या आठवतात. मारलेल्या आठवत नाहीत.

एक गिऱ्हाईक आलं, नवीन मारधाडीचा सिनेमा मागायला. "हा नको नेऊ," मित्र त्याला म्हणाला, "पुस्तकासारखा नाय." मी पुस्तक पिशवीत घातलं आणि जीपस्टँडकडे निघालो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी माफी मागायला गेलो होतो आणि ती मागितलीच नाही.

त्यानंतर आम्ही खूपदा भेटलो. सिनेमांवर बोलतो, भांडतोही. तो विषय त्याने कधी काढला नाही. हे लिहून मी त्याने सांगितलेलं मोडतो आहे. म्हणून यात त्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही, आणि माझंही नाही.