दम लागलेली गाडी

गॅरेजमध्ये गाडी खोलून पुन्हा जोडली की एखादा नट उरतोच. तो कुठला, हे कोणालाही आठवत नाही आणि गाडी त्याच्याशिवाय मजेत चालते! आमच्याकडे असे नट बिस्किटाच्या जुन्या डब्यात पडतात. किश्शांचंही तसंच आहे. गाडी दुरुस्त होऊन जाते, किस्सा आमच्याकडे उरतो. त्यातले सिंधूअक्कांच्या गाडीचे मात्र मी वेगळे ठेवलेत. ते चहाबरोबर सांगायचे नाहीत, असं सलीमभाई म्हणतात.

परदेशात मोटारींचं शिक्षण घेऊन मी धुळ्याला परत आले आणि साक्री रोडला गॅरेज टाकलं. फक्त जुन्या गाड्या. चालू शकणारी एकही गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही, हा माझा हट्ट. सलीमभाई माझे भागीदार, इंजिनाचे कारागीर. आणि माझे चुलते नाना, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांचं काम खुर्चीवर बसून बोलणं! मी जुन्या गाड्यांबद्दल तळमळीनं बोलायला लागले की नाना म्हणतात, "सलीम, पंखा बंद कर. ताईचं भाषण सुरू झालं, हवा आपोआप येईल."

आमचा एक रिवाज आहे. गाडी आली की बोनेट उघडण्याआधी सगळ्यांनी गप्प राहून तिचं ऐकायचं. चहाचा ग्लासही वाजवायचा नाही.

*

मार्चच्या शेवटी पिंपळनेरकडून एक जुनी पांढरी गाडी आली. चालवत होत्या नऊवारीतल्या सिंधूअक्का. साठी ओलांडलेली. उतरल्या आणि म्हणाल्या, "पोरी, मनी गाडीले दम लागस."

आम्ही गप्प झालो. ॲक्सिलरेटरवर कोणाचा पाय नव्हता. तरी इंजिनाची रेस हळूहळू वर जायची, जरा थांबायची, खाली यायची, इतकी खाली की आता बंद पडणार! मग पुन्हा वर. हूंऽऽ... हूंऽऽ...

"अक्का," नाना म्हणाले, "हिला गॅरेजात कशाला आणलं? दवाखान्यात न्यायची!"

अक्का हसल्या नाहीत. गाडी त्यांच्या यजमानांची, आबांची. आबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. ते गेल्यावर अक्का चालवायला शिकल्या. मळ्यातल्या घरात एकट्या राहतात. बाजार, दवाखाना, सगळं या गाडीवर. आता गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती, आरटीओत तपासणी व्हायची होती. मुलानं पुण्याहून सांगून ठेवलं होतं : गाडी पास झाली तर राहा मळ्यात. नापास झाली तर गाडी भंगारात आणि तू आमच्याकडे, सातव्या मजल्यावर.

"सातवा मजलावर मी काय करू?" अक्कांनी विचारलं. "खाले दखत बसू?"

मी त्यांचा हात धरून सांगितलं, "अक्का, ही गाडी पास होणार!"

नाना पुटपुटले, "झालं. दिला शब्द."

*

आम्ही कार्ब्युरेटर खोलून धुतला, जेट साफ केले, प्लग बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन शिवणयंत्रासारखं एकसारखं चाललं. सलीमभाईंनी मला टाळी दिली.

दुपारी ऊन चढलं आणि गाडी परत श्वास घ्यायला लागली.

तेवढ्यात आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक, भूगोलाचे मास्तर, सावली पाहून त्या गाडीत डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. इंजिन चालूच होतं. थोड्या वेळानं घाईघाईनं बाहेर आले. चेहरा पांढरा.

"काय झालं सर? गरम होतंय?"

"नाही हो," ते म्हणाले. "माझा श्वास तिच्याबरोबर चालायला लागला होता. ती खाली गेली, तर मला वर येता येईना!"

नाना काहीतरी बोलणार होते. बोलले नाहीत. हा एक किस्साच झाला!

*

गॅरेजचा कुत्रा वाघ्या. कुठलीही गाडी आली की तिच्या पोटाखाली झोपतो, तेल अंगावर गळलं तरी उठत नाही. या गाडीखाली तो गेलाच नाही. डावीकडच्या दाराशी बसायचा, वर बघायचा आणि शेपूट हलवायचा.

सीटवर कोणी नसायचं.

"भुंकला असता तर चाललं असतं," सलीमभाई मला हळूच म्हणाले. "ये दुम क्यूं हिला रहा है, ताई?"

मी म्हटलं, "सीटवर भाकरीचा तुकडा पडला असेल." जाऊन सीट चाचपली. नव्हता. वाघ्या मात्र माझ्याकडे असा बघत होता, जणू मी कोणाच्या तरी अंगावर हात ठेवला होता.

अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "ती सीट मी रिकामीच ठेवते. आधी ते चालवायचे, मी तिथे बसायची. आता मी चालवते."



*

दोष दुपारीच येतो, सकाळी नाही. म्हणजे गरम झाल्यावर कुठूनतरी चोरटी हवा आत शिरत असणार. जास्तीची हवा गेली की इंजिनाला पेट्रोल कमी पडतं, ते गुदमरतं, सावरतं, परत गुदमरतं. मी अगरबत्ती पेटवली आणि धूर एकेका पाइपाजवळून फिरवला. हवा ओढली जात असेल तिथे धूर वळतो.

"पूजा मांडली का?" नाना.

कार्ब्युरेटरच्या मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी, धूर वाकला आणि आत गेला. तिथे हवा ओढणारी, व्हॅक्यूमची एक नळी मध्येच तुटलेली होती. तिच्या तोंडात लाकडाचं बूच ठोकलेलं. सलीमभाईंनी चिमट्यानं ओढलं. बोटाच्या पेराएवढी पऱ्हाटी! कापसाची वाळलेली काडी, एका बाजूनं तिरपी तासलेली, टोकाला छोटी खाच. उन्हात ती आकसायची आणि हवा आत जायची. झालं निदान!

अक्कांनी ती तळहातावर घेतली. "दोंडाईच्याच्या रस्त्यावर नळी तुटली होती. त्यांनी शेतातून पऱ्हाटी मोडली, चाकूनं तासली. म्हणाले, घरापर्यंत चालेल." इतकी वर्षं ती चालली होती.

मी नळीवर नवं रबरी टोपण बसवलं, वर क्लिप आवळली. भर दुपारी इंजिन एकसुरी, शांत. मी आनंदानं ओरडलेच!

अक्कांनी बराच वेळ ऐकलं. मग पऱ्हाटी कमरेच्या पिशवीत टाकली. "गप व्हयनी," एवढंच म्हणाल्या.

वाघ्या उठला आणि दुसऱ्या गाडीखाली जाऊन झोपला.

*

तपासणी एप्रिलच्या अखेरीस होती. अक्का चालवत होत्या, मी मागे बसले. डावी सीट रिकामी. सलीमभाई स्कूटरवरून मागोमाग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी, नांगरलेली शेतं. पऱ्हाट्या कधीच उपटून चुलीत गेल्या होत्या, उशिराच्या वेचणीसाठी राखलेली फरदडसुद्धा कुठे उरली नव्हती.

आरटीओच्या आवारात अक्कांचा मुलगा आधीच उभा होता. भंगारवाल्याशी बोलून आला होता. "आई, उगाच त्रास करून घेऊ नको. एकदा काय तो निकाल लागू दे."

तपासणीच्या साहेबांनी बोनेट उघडायला लावून इंजिन नंबर पाहिला. नव्या रबरी टोपणावर पेन टेकवून म्हणाले, "काम स्वच्छ आहे." बोनेट मी माझ्या हातानं लावलं. मग धुराच्या तपासणीची रांग. इंजिन चालू ठेवून आम्ही उन्हात थांबलो.

आमचा नंबर आला आणि गाडीनं श्वास घेतला.

हूंऽऽ...

रेस वर गेली, खाली आली. मुलानं माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "ही अशी चालत असेल तर नापास करावी लागेल. शेवटचं बघतो." अक्का माझ्याकडे वळल्या. "पोरी, आयक ना," त्या म्हणाल्या. इंजिन खाली, आणखी खाली गेलं...

आणि तिथेच सावरलं. नळीच्या तोंडावर कोणी अलगद बोट ठेवावं तसं. एकसुरी. शांत.

साहेबांनी सायलेन्सरला मशीनची नळी लावली, आकडे बघितले. "पास."

मुलगा भंगारवाल्याला नकार कळवायला आवारातच थांबला. फाटकाबाहेर सावलीत गाडी लावून सलीमभाईंनी बोनेट उघडलं. मी वाकले. रबरी टोपण नव्हतं. क्लिप नव्हती. नळीच्या तोंडात पऱ्हाटी होती.

हिरवी. तासलेल्या जागी अजून ओल सुटत होती.

अक्कांनी पिशवीतून जुनी काडी काढून शेजारी धरली. तोच तिरपा काप. टोकाला तीच खाच.

"या अल्ला," सलीमभाई म्हणाले आणि स्कूटरकडे चालायला लागले. मी त्यांच्या मागे बसले.

अक्कांनी बोनेट लावलं. गाडीत बसल्या, आतून वाकून डावीकडचं दार उघडलं, जरा थांबल्या आणि मग ओढून लावलं.

"बठनात ना?" त्या म्हणाल्या. "चाला मंग."